एक यार्ड, सव्वीस सेकंद

१ फेब्रुवारी २०१५. ॲरिझोनातल्या ग्लेनडेल गावी अमेरिकन फुटबॉलचा एकोणपन्नासावा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिॲटल सीहॉक्स २४. सामन्याचा निकाल त्याच रात्री लागला, वादाचा मात्र अजून लागलेला नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात सिॲटलला विजयासाठी फक्त एक यार्ड, म्हणजे जेमतेम तीन फूट, पुढे जायचं होतं. त्यासाठी तीन प्रयत्न हाताशी होते आणि मागे चेंडू घेऊन धावणारा मार्शॉन लिंच उभा होता. एक यार्डासाठी त्या काळात कोणालाही विचारलं असतं, तर हेच नाव पुढे आलं असतं. सिॲटलने चेंडू त्याच्याकडे दिला नाही. पास फेकला आणि तो समोरच्याने पकडला.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी चार ओळी. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. चेंडू गोलरेषेपलीकडच्या ‘एंड झोन’मध्ये नेला की ‘टचडाउन’. पुढे जाण्याचे मार्ग दोन: चेंडू घेऊन धावायचं किंवा पास फेकायचा. पास जमिनीवर पडला तर घड्याळ थांबतं. धावणारा मैदानाच्या आत अडवला गेला तर घड्याळ चालूच राहतं. प्रत्येक अर्ध्यात संघाला घड्याळ थांबवण्यासाठी तीनच टाइमआउट मिळतात. सगळं भांडण या हिशेबाभोवती आहे.

खाली दिलेल्या तासांच्या वेळा ग्लेनडेलच्या आहेत आणि अंदाजे आहेत. मैदानावरच्या घड्याळातली मिनिटं-सेकंदं नेमकी आहेत.

काही दिवस आधी: सरावाचं मैदान

पेट्रियट्सच्या सरावात राखीव खेळाडू सीहॉक्सची नक्कल करतायत. गोलरेषेजवळची एक चाल आहे: उजवीकडे दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एकापुढे एक उभे राहतात, पुढचा वाट अडवतो आणि मागचा त्याच्या आडून आतल्या बाजूला घुसतो. पास टाकणं हे क्वार्टरबॅकचं काम. राखीव क्वार्टरबॅक जिमी गॅरोपोलो पास टाकतो, जॉश बॉइस तो पकडतो. ज्याला चकवून पकडतो तो कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, आहे माल्कम बटलर. प्रशिक्षक बिल बेलिचिक त्याला तिथेच सुनावतात: ही चाल आली तर तू तिथे पोचलाच पाहिजेस.

बटलरला त्या वेळी कोणी ओळखत नव्हतं. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा हा मुलगा काही काळ पोपाइज या तळलेल्या चिकनच्या दुकानात कामाला होता. वेस्ट अलाबामासारख्या छोट्या विद्यापीठाकडून खेळला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणत्याच संघाने त्याला निवडलं नाही. चाचणीसाठी बोलावलं, तिथून तो संघात शिरला. व्यावसायिक सामन्यात त्याने अजून एकही पास अडवून पकडलेला नाही.

साडेतीन तास आधी: दुपारी ४.३०

किकऑफ. स्टेडियममध्ये ७०,२८८ प्रेक्षक. सिॲटलमध्ये दुपारचे साडेतीन, पेट्रियट्सच्या बॉस्टनमध्ये संध्याकाळचे साडेसहा, भारतात सोमवारची पहाट, पाच वाजलेत.

सिॲटल गतविजेता आहे. वर्षभरापूर्वी डेन्व्हरचा ४३-८ असा फडशा पाडून शहराला पहिला सुपर बोल मिळाला. त्याआधी २००८ मध्ये बास्केटबॉलचा सुपरसॉनिक्स हा संघ ओक्लाहोमा सिटीला निघून गेला होता. ती जखम या विजयाने थोडी भरली. इथले चाहते स्वतःला ‘बारावे’ म्हणवतात, कारण मैदानावर अकरा जण असतात. क्लबने बारा नंबरची जर्सी १९८४ मध्येच त्यांच्यासाठी राखून ठेवली. जानेवारी २०११ मध्ये लिंचने न्यू ऑर्लिन्सविरुद्ध सदुसष्ट यार्डांची धाव घेतली, तेव्हा या लोकांनी इतका दणदणाट केला की जवळच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. लिंच आणि हे शहर यांचं नातं असं आहे.

दोन्ही प्रशिक्षकांचाही जुना धागा आहे. सिॲटलचे पीट कॅरल १९९७ ते १९९९ या काळात पेट्रियट्सचेच मुख्य प्रशिक्षक होते. त्यांना काढल्यावर ती खुर्ची बेलिचिक यांना मिळाली.

तीन तास आधी: पहिलं सत्र

पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी सिॲटलच्या गोलरेषेजवळ पोचतो आणि चूक करतो. जेरेमी लेन एंड झोनच्या तोंडाशी पास हिसकावतो. सिॲटलचे चाहते उड्या मारतात. पण चेंडू घेऊन पळताना लेन विचित्र पडतो आणि त्याचा हात मोडतो. तो परत येत नाही.

त्याच्या जागी आलेल्या थॅरोल्ड सायमनला ब्रेडी हेरतो. पेट्रियट्सचा पहिला टचडाउन सायमनच्या समोरच होतो, आणि सामन्यातला शेवटचाही तसाच होणार आहे. सिॲटलच्या बचावातले रिचर्ड शर्मन, अर्ल थॉमस आणि कॅम चान्सलर हे तीन आधारस्तंभ आधीच दुखापती घेऊन उतरलेत. सिॲटलने मिळवलेल्या त्या पहिल्या चेंडूची किंमत एक खेळाडू होती. त्या क्षणी ती कोणी मोजली नाही.

दोन तास आधी: संध्याकाळी सहाच्या सुमारास

मध्यंतराला एकतीस सेकंद उरलेत. रॉब ग्रॉन्कॉस्कीच्या टचडाउनमुळे पेट्रियट्स १४-७ पुढे आहेत. शहाणा संघ अशा वेळी घड्याळ संपू देतो. सिॲटल मात्र धडक मारतो आणि सहा सेकंद उरली असताना चेंडू अकरा यार्डांवर येतो.

आता सोपा मार्ग म्हणजे फील्ड गोल: चेंडू लाथाडायचा, तीन गुण घ्यायचे आणि आत जायचं. पासमध्ये धोका आहे. तो झेलून खेळाडू आतच अडवला गेला, तर वेळ संपेल आणि हाती काहीच लागणार नाही. कॅरल पास मागतात. क्रिस मॅथ्यूज टचडाउन करतो, दोन सेकंद शिल्लक. १४-१४.

मॅथ्यूजने या सामन्याआधी एनएफएल या अमेरिकन लीगमध्ये एकही पास झेललेला नव्हता. आज तो १०९ यार्ड कमावणार आहे. मध्यंतरात केटी पेरी गात असताना चाहत्यांच्या तोंडी कॅरलच्या हिमतीचं कौतुक आहे. हाच माणूस, हाच स्वभाव, घड्याळ संपत असताना केलेला हाच पास. तो साधला, म्हणून त्याला हिंमत म्हणतात.

या कौतुकाची दुसरी बाजू पेट्रियट्सच्या ड्रेसिंग रूममध्ये आहे. मॅथ्यूजसमोर त्यांचा काइल अ‍ॅरिंग्टन तोकडा पडतोय. त्याला बसवलं जातं, कॉर्नरबॅकची फेररचना होते आणि उत्तरार्धात माल्कम बटलर मैदानावर दिसू लागतो.

एक तास आधी: सातच्या सुमारास

तिसऱ्या सत्रात सिॲटल २४-१४ ने पुढे आहे. शेवटच्या सत्रात दहा गुणांनी मागे असलेल्या संघाने सुपर बोल जिंकला, असं तोवर झालेलं नव्हतं. चषक जवळपास ठरल्यासारखा वाटतो.

पण क्लिफ अ‍ॅव्हरिल डोक्याला मार लागून बाहेर गेलाय. ब्रेडीवर धावून जाणाऱ्यांतला तो सर्वांत वेगवान. त्याच्याविना ब्रेडीला पास टाकायला निवांत वेळ मिळू लागतो. शेवटच्या सत्रात तो पंधरापैकी तेरा पास पोचवतो. ७.५५ मिनिटं उरली असताना डॅनी अमेंडोलाचा टचडाउन: २४-२१. सिॲटलचं आक्रमण त्या सबंध सत्रात एकही गुण मिळवत नाही. २.०२ मिनिटं उरली असताना ज्युलियन एडलमन सायमनला चकवून गोलरेषेत पोचतो: २८-२४, पेट्रियट्स पुढे.

शेवटच्या चालीवर भांडणारे इथे कधीच थांबत नाहीत. दहा गुणांची आघाडी सहा मिनिटांत गेली. ती कॅरलच्या एका चुकीने गेली नाही. मोडलेला हात, बधिरलेलं डोकं आणि ब्रेडीचे अचूक पास, यांनी ती नेली.

दोन मिनिटं आधी

सिॲटलचा चेंडू स्वतःच्या वीस यार्डांवर. ऐंशी यार्ड जायचं आहे, तीनही टाइमआउट हाताशी आहेत. क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा पहिलाच पास लिंच झेलतो, तोही पासच, एकतीस यार्ड. पुढचे दोन वाया जातात, तेवढ्यात एक टाइमआउटही खर्ची पडतो. तिसऱ्यावर रिकार्डो लॉकेट अकरा यार्ड मिळवतो. लॉकेट हा मुख्यतः स्पेशल टीम्सचा, म्हणजे चेंडू लाथाडला जातो त्या चालींचा माणूस, रिसीव्हर म्हणून त्याची पाळी क्वचितच येते. हे नाव ध्यानात ठेवावं.

मग जर्मेन कर्सकडे उंच पास. बटलर झेपावतो आणि चेंडूला हात लावतो. कर्स पाठीवर कोसळतो. चेंडू त्याच्या पायाला लागतो, हाताला लागतो, पुन्हा उडतो आणि अखेर आडवं पडल्या पडल्या तो झेलतो. तो उठून धावू पाहतो, तर बटलर त्याला सीमारेषेबाहेर ढकलतो. सिॲटल पाच यार्डांवर, १.०६ मिनिटं शिल्लक.

पेट्रियट्सच्या चाहत्यांच्या पोटात गोळा आला, त्याला इतिहास होता. याच स्टेडियममध्ये फेब्रुवारी २००८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या डेव्हिड टायरीने चेंडू हेल्मेटला चिकटवून झेलला होता, आणि तोवर अपराजित असलेला पेट्रियट्सचा संघ हरला होता.

एक मिनिट सहा सेकंद

कर्स बाहेर गेल्याने घड्याळ थांबलेलंच आहे. तरीही सिॲटलला दुसरा टाइमआउट घ्यावा लागतो, कारण पुढची चाल वेळेत लावून होत नाही. या टाइमआउटने एक सेकंदही वाचत नाही. माझ्या मते सामन्यातली सर्वांत महागडी चूक ही आहे. तिच्यावर कोणी भांडत नाही, कारण ती दिसत नाही.

पहिला डाउन: लिंचकडेच चेंडू. चार यार्ड. खांद्याच्या दुखापतीने बेजार असलेला डॉन्टा हायटावर त्याला कसाबसा पाडतो. उरला एक यार्ड.

घड्याळ चालू आहे. साठ सेकंद, पन्नास, चाळीस. सगळी अमेरिका बेलिचिक यांच्याकडे बघतंय. त्यांनी टाइमआउट घेतला, तर सिॲटलने गुण मिळवल्यावर ब्रेडीला उलट वार करायला वेळ उरेल. त्यांच्याकडे टाइमआउट शिल्लक आहेत. ते घेत नाहीत. समोर सिॲटलची गडबड उडालेली दिसते, ती तशीच राहू देतात. लिंच पुढच्या चालीत आत घुसला असता, तर हा न घेतलेला टाइमआउटच इतिहासातली घोडचूक ठरला असता आणि बॉस्टनकर बेलिचिक यांच्या नावाने बोटं मोडत बसले असते.

सिॲटलही घाई करत नाही. ब्रेडीला वेळ ठेवायचा नाही, हा त्यांचा हिशेब आहे. दोन्ही बाजू एकाच घड्याळावर पैज लावून बसल्या आहेत.

सव्वीस सेकंद

सिॲटलने तीन रिसीव्हर उतरवलेत. पेट्रियट्सने उलट धाव रोखणारे धिप्पाड गडी आत घातलेत आणि सोबत तीनच कॉर्नरबॅक. ऐन वेळी प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस बटलरला आत जायला ओरडतात. तो धावत जागेवर येतो.

कॅरल यांचं आणि आक्रमण-प्रशिक्षक डॅरेल बेव्हेल यांचं गणित असं. डाउन तीन, टाइमआउट एक. धावून अडवले गेलो तर टाइमआउट जाईल. मग तिसऱ्या डाउनला पासच टाकावा लागेल, नाहीतर चौथ्याला वेळ उरणार नाही. म्हणजे तीनही संधी घ्यायच्या असतील, तर त्यातली एक पास असणं भाग आहे. मग तो पास आत्ताच टाकावा. चुकला तर घड्याळ थांबेल आणि पुढच्या दोन्ही डाउनला लिंच आहेच. शिवाय समोर सगळे जाडजूड लोक धाव रोखायला उभे आहेत.

हे गणित कागदावर चोख आहे. त्या मोसमात लीगमध्ये एक यार्डावरून शंभराहून अधिक पास टाकले गेले होते. सहासष्ट टचडाउन झाले आणि एकही पास विरुद्ध संघाच्या हाती गेला नव्हता. लिंचला त्या मोसमात एक यार्डावरून पाच संधी मिळाल्या होत्या, टचडाउन झाला एकदाच.

उजवीकडे कर्स पुढे, लॉकेट मागे. सरावातलीच रचना. बटलरशेजारी उभा आहे ब्रँडन ब्राउनर, जो २०१३ पर्यंत सिॲटलकडूनच खेळत होता. त्याला या चालीचा वास येतो. तो कर्सची जबाबदारी घेतो, मागचा बटलरला देतो. चेंडू सुटतो. ब्राउनर कर्सला जागीच खिळवून ठेवतो. आडोसा नाहीसा झाल्याबरोबर बटलरला मोकळी वाट मिळते. विल्सनचा हात मागे जातो तेव्हाच बटलर निघालेला असतो. लॉकेटच्या आधी तो चेंडूपाशी पोचतो. धडक होते, लॉकेट खाली पडतो, चेंडू बटलरच्या हातात.

वीस सेकंद

काठावर शर्मनचा चेहरा कॅमेरा टिपतो. आनंदातून अविश्वासात जायला त्याला दोन सेकंद लागतात. दूरचित्रवाणीवर समालोचक क्रिस कॉलिन्सवर्थला ही चाल पचवता येत नाही, आणि देशाला वादाचा पहिला मसुदा तिथेच मिळतो. त्या रात्री अमेरिकेत सरासरी ११ कोटी ४४ लाख लोक हा सामना बघतायत.

खेळ अजून संपलेला नाही. चेंडू पेट्रियट्सच्या गोलरेषेला चिकटून आहे. ब्रेडी गुडघा टेकवायला मागे गेला तर स्वतःच्याच एंड झोनमध्ये अडकून सिॲटलला दोन गुण देईल. सिॲटलने फक्त शांत राहायचं आहे. मायकल बेनेट वेळेआधी रेषा ओलांडतो, दंड होतो, चेंडू पुढे सरकतो आणि ब्रेडीला जागा मिळते. मग हाणामारी. ब्रूस अर्विनला बाहेर काढतात, सुपर बोलमध्ये अशी शिक्षा झालेला तो पहिला खेळाडू.

काही मिनिटांत कॅरल माध्यमांसमोर येतात आणि निर्णय आपलाच होता, असं सांगून सगळं अंगावर घेतात.

बारा तासांनंतर आणि पुढे

सोमवारी सिॲटल, रेडमंड, बेलव्ह्यूच्या कार्यालयांत कामाआधी हाच विषय निघाला. तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मराठी मंडळीही पुष्कळ आहेत, आणि ज्यांनी हा खेळ तिथे जाऊन शिकला त्यांनाही एवढं कळत होतं की लिंचला चेंडू द्यायला हवा होता. लिंचसारखाच चेंडू घेऊन धावणारा माजी खेळाडू एमिट स्मिथ याने ही फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत वाईट चाल असल्याचं जाहीर केलं. त्याच आठवड्यात आकडेवारीवाले पुढे आले आणि पासची बाजू मांडू लागले.

तेव्हापासून चार तट पडले आहेत. पहिला म्हणतो: ज्याच्या जोरावर इथवर आलात, त्यालाच वगळलंत. दुसरा कॅरल यांचं गणित मांडतो. तिसऱ्याचा संशय असा की संघाला लिंचऐवजी विल्सनला नायक करायचं होतं. ही कुजबूज पुढे खेळाडूंच्याच वर्तुळातून बाहेर आली, पण तिला पुरावा कधी मिळाला नाही. चौथा म्हणतो: पास ठीक, पण *तो* पास नाही. कोपऱ्यात, जिथे चुकला तर चेंडू बाहेरच जाईल, असा टाकायचा होता. गर्दीच्या मधोमध, चौथ्या पसंतीच्या रिसीव्हरकडे नाही.

मला चौथा तट पटतो. पास टाकणं शहाणपणाचं होतं. गोलरेषेसमोर, शरीरांच्या गर्दीत, मागच्या माणसाकडे वेगाने फेकलेला पास मात्र अनेक गोष्टी एकदम जुळून येण्यावर अवलंबून होता: ब्राउनरने हलायला हवं होतं, कर्सने वाट काढायला हवी होती, लॉकेटने अंगाने चेंडू राखायला हवा होता. यांतली एकही झाली नाही. बेव्हेल यांनी लॉकेटने अधिक जोर लावायला हवा होता असं सुचवलं, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. ती योग्यच होती. सर्वांत कच्च्या दुव्यावर सर्वांत मोठा भार टाकणाऱ्याने दुव्याला दोष देऊ नये.

आपल्याकडे मिसबाह उल हकच्या त्या स्कूपवर असंच बोललं जातं. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, ट्वेंटी-२० विश्वचषकाची भारत-पाकिस्तान अंतिम लढत, पाकिस्तानला चार चेंडूंत सहा धावा हव्या होत्या. तो फटका सीमेपार गेला असता तर पाकिस्तानात त्याची पारायणं झाली असती. श्रीशांतने झेल घेतला आणि मिसबाहची बुद्धी फिरली असं ठरलं. जोगिंदर शर्माने तो चेंडू कसा टाकला, याबद्दल फार कमी जण बोलतात.

नेमकं तेच बटलरचं झालं. ब्रेडीला सामनावीर म्हणून मिळालेला ट्रक त्याने बटलरला दिला, कारण कोणी जिंकवलं हे त्या ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. बाहेर मात्र चर्चा कॅरल यांचीच राहिली. सरावात चकवला गेलेला, बोलणी खाल्लेला, अ‍ॅरिंग्टनच्या अपयशामुळे मैदानात आलेला, थोड्याच वेळापूर्वी कर्सच्या चमत्काराने हरलेला हा मुलगा पुन्हा त्याच रचनेसमोर आला आणि या वेळी त्याने विल्सनच्या आधी निर्णय घेतला.

‘इतिहासातली सर्वांत वाईट चाल’ हे वाक्य सिॲटलला जिवाशी धरावंसं वाटतं, यात नवल नाही. चूक आपली होती असं म्हटलं की विजयही आपलाच होता असं म्हणता येतं. तो फक्त आपण सोडून दिला. समोरच्याने तो हिसकावून घेतला, आणि घेण्याइतका तो त्या क्षणी चांगला होता, हे कबूल करणं प्रशिक्षकाला मूर्ख ठरवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणून हा वाद मिटत नाही: तो सुरू आहे तोवर सिॲटल हरलेलं नाही.